पाणी जास्त झालेला कुंडीतला गुलाब कसा वाचवायचा

गुलाबानं मान टाकली की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पाणी घातलं होतं का?" आणि ज्याला विचारलं तो उठून आणखी तांब्याभर पाणी ओततो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालताना गुलाबालाही घालायच्या आणि मी संध्याकाळी ऑफिसमधून आले की घालायचे. दिवस श्रावणाचे, मधूनच पावसाची सर गॅलरीत यायची ती वेगळीच. तीन आठवड्यांनी सासूबाई म्हणाल्या, "अगं, पानं बघ कशी लोंबतायत. तू पाणी घालत नाहीस का?" मी म्हटलं, "घालते की आई, रोज." तेव्हा कुठे उलगडा झाला.

तो गुलाब वाचला. पण तो वाचवताना जे शिकले, ते आधी माहीत असतं तर त्याची निम्मी मुळं कापावी लागली नसती. पहिलाच गुलाब आणला असेल आणि तो पिवळा पडत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आधी हे समजून घ्या

शेतकऱ्यांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो: वाफसा. जमीन ओली आहे, पण चिखल नाही; मातीच्या कणांमध्ये पाणीही आहे आणि हवाही, अशी ती अवस्था. चांगल्या मातीत साधारण निम्मा भाग घन असतो, उरलेल्या निम्म्यात पाणी आणि हवा सारख्या वाट्यानं असतात. मुळं श्वास घेतात आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना या मोकळ्या जागांतून मिळतो. रोज पाणी ओतत गेलं की त्या जागा पाण्यानं भरून जातात. पाण्यातून प्राणवायू सरकायचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजार पट कमी असतो. म्हणजे मुळं गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून मातीत पाणी असूनही पानं सुकल्यासारखी लोंबतात. आपण ते लोंबणं पाहून आणखी पाणी घालतो आणि झाड आणखी बुडतं.

त्यानंतर बुरशी येते. पिथियम आणि फायटोप्थोरा हे बुरशीसारखे जीव पाण्यातच पसरतात आणि दुबळ्या मुळांवर चढतात. हीच मूळकूज.

म्हणून इथून पुढे जे काही कराल, त्याचा हेतू एकच असू द्या: मुळांना हवा मिळाली पाहिजे. खत, टॉनिक, फवारण्या हे सगळं नंतरचं.

पाणी जास्त झालंय की कमी?

दोन्हींत पानं लोंबतात, म्हणून नवख्या माणसाची इथेच फसगत होते. तहानलेल्या गुलाबाची पानं कडेनं कुरकुरीत होतात, कुंडी उचलली तर हलकी लागते आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते. पाणी जास्त झालेल्या गुलाबाची खालची पानं आधी पिवळी पडतात, मऊच असतात आणि नुसता हात लागला तरी गळतात. कोवळे शेंडे वाकतात, काळे पडतात. मातीवर हिरवं शेवाळ धरतं, बारीक चिलटं उडतात आणि कुंडी जड लागते.

वरची माती बघून निर्णय घेऊ नका. खराट्याची एक काडी घ्या, कुंडीच्या कडेनं तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढा. काडी ओली आली, तिला चिखल चिकटला, तर पाणी भरपूर आहे. मग काडी नाकाशी धरा. निरोगी मातीला पहिल्या पावसासारखा वास येतो. आंबूस किंवा गटारासारखा वास आला तर मुळं कुजायला लागली आहेत.

एक खास आपल्याकडची अडचण सांगते. नर्सरीतून गुलाब काळ्या पिशवीत येतो आणि त्याच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. वाहतुकीत मुळं हलू नयेत म्हणून ती माती दाबून भरलेली असते. तो गोळा आपण तसाच छान भुसभुशीत मातीत लावतो. मग बाहेरची माती दोन दिवसांत कोरडी होते, आतला गोळा मात्र आठ-आठ दिवस गच्च ओला राहतो. बोट घालून पाहिलं तर बोटाला कोरडं लागतं, म्हणून आपण पाणी घालतो. त्यामुळे काडी एकदा कडेनं आणि एकदा खोडाजवळून, मुळं सांभाळून, अशी दोन ठिकाणी घाला. आमच्या कुंडीत कडेची काडी जवळजवळ कोरडी आली होती आणि खोडाजवळची चिखलानं माखलेली.

पहिल्या दिवशी काय करायचं

पाणी बंद. घरातल्या सगळ्यांना तसं सांगा. कुंडीखालची ताटली काढून टाका. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालच्या भोकातून हवा जाईल. खालून एक जाड तार घालून भोकं मोकळी आहेत का पाहा. पुष्कळदा मुळांनी किंवा मातीनं ती बुजलेली असतात. पाऊस लागणार नाही, पण उजेड भरपूर असेल अशी जागा निवडा. लोंबलेल्या झाडाला भर उन्हात ठेवलं तर पानांतून पाणी उडत राहतं आणि मुळं ते भरून देऊ शकत नाहीत.

मग कुंडी तिरकी करून भिंतीला टेकवा. याचं कारण समजायला भांडी घासायचा स्पंज घ्या. तो पाण्यात भिजवून आडवा धरा, थेंब पडायचे थांबू द्या. आता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. कुंडीतही असंच होतं: भोकातून पाणी यायचं थांबलं तरी तळाशी काही इंचांचा थर पाण्यानं भरलेलाच राहतो. कुंडी तिरकी केली की त्यातलं आणखी पाणी निघतं. भोक खालच्या बाजूला येईल असं बघा.

आणि याच कारणामुळे तळाशी खडीचा जाड थर घालून निचरा सुधारत नाही. तो ओला थर खडीच्या वर सरकतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा ठेवला की पुरे.

झाड बाहेर काढायचं की नाही?

नुसती खालची चार-सहा पानं पिवळी आहेत, वास नाही, शेंडे ताठ आहेत, तर झाडाला हात लावू नका. वरचं सगळं करा आणि थांबा. आठवडाभरात माती वाफशावर आली की बरेचसे गुलाब आपोआप सावरतात. मुळं उघडी करणं हा झाडाला मोठा धक्का असतो, तो विनाकारण देऊ नये.

वास येतोय, शेंडे काळे पडताहेत, तीन-चार दिवसांनीही काडी तशीच ओली येतेय, तर मात्र काढावंच लागतं.

त्याआधी झाडात जीव आहे का ते बघा. खोडाची साल नखानं किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर थोडं खाली खरवडा. असं करत कलमाच्या गाठीपर्यंत, म्हणजे खोडाच्या तळाशी जिथे रानटी गुलाबावर आपला गुलाब बांधलेला असतो त्या फुगीर भागापर्यंत, या. गाठीच्या वर कुठेही हिरवं सापडलं तर आशा धरा.

मुळं साफ करणं

संध्याकाळची वेळ निवडा. जाड हातमोजे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा. कुंडी आडवी करा, सगळ्या बाजूंनी थोपटा आणि झाड खोडाच्या तळाशी धरून हळू बाहेर घ्या. ओढू नका, निघत नसेल तर कडेनं जुनी सुरी फिरवा.

गोळा फार चिखलट असेल तर तो वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्यांत गुंडाळून रात्रभर सावलीत ठेवा. कागद पाणी शोषतो. सकाळी माती हातानं सुटते आणि मुळं कमी तुटतात. मी हे केलं नाही, ओल्या चिखलातूनच मुळं सोडवायला गेले आणि दोन चांगली मुळं हातात आली.

आता एकेक मूळ बघा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट तपकिरी, टणक असतं. कुजलेलं मूळ काळपट, लिबलिबीत असतं आणि त्याची खूण अगदी पक्की आहे: दोन बोटांत धरून हलकं ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि आत दोऱ्यासारखा एक तंतू उरतो. आमच्या गुलाबाच्या तळाकडच्या मुळांचं असंच साल हातात येत होतं, वर मात्र गाठीजवळ चार बोटं पांढरी मुळी शिल्लक होती. तिनंच झाड वाचवलं.

सिकेटर किंवा कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि कुजलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापा. प्रत्येक दोन-तीन कापांनंतर पातं पुन्हा पुसा. कापलेली मुळं आणि जुनी माती दुसऱ्या कुंडीत किंवा घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नका.

बुरशीनाशकाबद्दल. कॉपर ऑक्सिक्लोराइड लीटरभर पाण्याला २.५ ते ३ ग्रॅम घ्या आणि झाड नवीन मातीत लावल्यावर त्याच पाण्याची एक आळवणी करा, म्हणजे ते पाणी मुळांपाशी मातीत ओता. पाकिटावरच्या सूचना वाचा, मुलांपासून लांब ठेवा, स्वयंपाकाचं मोजमाप वापरू नका. दुकानात बऱ्याचदा कार्बेन्डाझिम हातात दिलं जातं. ते इतर बुरशींवर चालतं, पण पिथियम आणि फायटोप्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. रसायन नको असेल तर ट्रायकोडर्मा मातीत मिसळा. हे दोन्ही एकदम करू नका, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे आणि औषध तिलाही मारेल. मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या.

नवी कुंडी, नवी माती

मुळं कमी झाली आहेत, म्हणून कुंडीही लहान हवी. हा सल्ला मनाला पटत नाही. आजारी झाडाला मोठी जागा द्यावीशी वाटते. पण मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि ती सुकवायला तिथे मुळंच नसतात. उरलेल्या मुळांभोवती दोन बोटं जागा राहील एवढीच कुंडी घ्या. बहुतेकदा ८ इंची पुरते. मातीची, न रंगवलेली कुंडी मिळाली तर उत्तम, कारण तिच्या भिंतींतूनही ओलावा उडतो. प्लास्टिकची असेल तर तळाला निदान पाच-सहा भोकं हवीत.

माती अशी: दोन भाग साधी बागेची लाल माती किंवा पोयटा, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन भाग जाडसर काहीतरी. जाडसर म्हणजे धुतलेली जाड वाळू, विटांचा चुरा, भाताचं तूस किंवा पर्लाइट, जे मिळेल ते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. देशावरची काळी माती पिकाला सोनं असली तरी कुंडीत एकटी वापरू नका. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की भेगाळते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार घालू नका, तेही पाणी धरून ठेवतं. झाड ठणठणीत झाल्यावर खताचा भाग वाढवता येईल, आत्ता माती हलकी असणं महत्त्वाचं.

मिश्रण जमलं का ते मुठीत बघा. किंचित ओलं करून मूठ दाबा, लाडू वळेल. बोटानं टिचकी मारा. लाडू फुटून पसरला तर माती बरोबर आहे. तसाच राहिला तर अजून वाळू घाला.

झाड लावताना कलमाची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवा. माती हलक्या हातानं भरा, थोपटा, पण अंगठ्यांनी ठेचून दाबू नका; ज्या हवेसाठी हा खटाटोप चाललाय तीच त्यानं निघून जाते.

वरची छाटणी

मुळं निम्मी कापली आणि वर सगळा पसारा तसाच ठेवला, तर एवढ्या पानांना पाणी पुरवणं त्या मुळांना झेपत नाही. कळ्या आणि फुलं सगळी काढा, जीव तुटला तरी काढा. काळ्या पडलेल्या फांद्या खाली हिरव्या लाकडापर्यंत कापा. कापल्यावर फांदीचा गाभा बघा: पांढरट हवा. तपकिरी दिसला तर अजून अर्धा-एक इंच खाली या, नाहीतर शेंडेमर, म्हणजे शेंड्याकडून फांदी वाळत जाणं, तिथूनच पुढे उतरत जाते. काप बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या (फांदीवर जिथून नवी फूट येते त्या बारीक उंचवट्याच्या) पाव इंच वर, तिरका द्या.

पण निरोगी पानं ओरबाडून काढू नका. नवी मुळी फुटायला लागणारं अन्न तीच तयार करतात. वरचा साधारण एक तृतीयांश भाग कमी केला की पुरे. ऑक्टोबरची नेहमीची मोठी छाटणी त्या वर्षी या झाडाला करू नका.

पुढचे चार आठवडे

लावल्यावर एकदा पाणी द्या (आळवणी केली असेल तर तेच पाणी), खालच्या भोकातून निथळेपर्यंत. मग काडी. वरचे दोन इंच कोरडे झाल्याशिवाय पुढचं पाणी नाही. पावसाळी हवेत याला आठ दिवसही लागतील, ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन. ठरावीक वार धरून पाणी घालू नका. आणि पाणी द्याल तेव्हा थेंब-थेंब न देता पूर्ण द्या, ते निथळलं पाहिजे. आमच्याकडे काडी आता कुंडीतच खोचलेली असते. पाणी घालायला जाणारा आधी ती उपसून बघतो, मग तांब्या उचलतो.

पहिला आठवडा उजेडाची सावली. मग सकाळचं कोवळं ऊन दोन तास. नवी फूट दिसली की हळूहळू पाच-सहा तासांवर न्या.

खत अजिबात नाही. चहाचा चोथा, केळ्याच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी, निंबोळी पेंड, हे सगळं आत्ता बाजूला ठेवा. कच्चा सेंद्रिय माल ओल्या मातीत कुजताना प्राणवायू खातो, आणि मुळांना तोच हवा आहे. नवी फूट चार बोटं झाली की मग मूठभर गांडूळखत द्या.

या काळात आणखी काही पानं पिवळी पडून गळतील. घाबरू नका. पिवळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, झाड त्याला सोडून देतं. तुम्ही लक्ष ठेवायचं ते डोळ्यांवर. आमच्या गुलाबाचे डोळे अठराव्या दिवशी फुगले, लालसर टोकं दिसली. सासूबाईंनी मला हाक मारून दाखवली.

पण फूट कुठून येते ते नीट बघा. कलमाच्या गाठीच्या वरून आली तर तुमचा गुलाब परतलाय. गाठीच्या खालून किंवा थेट मातीतून आली, तर ती ज्या रानटी गुलाबावर कलम बांधलंय त्याची आहे. तिची पानं बहुधा लहान, फिकट आणि सात-नऊ पर्णिकांची असतात. ती जोमानं वाढते आणि बघून आनंद होतो, पण वरच्या कलमाचं सगळं अन्न तीच खाते. पर्णिका मोजण्यापेक्षा बोटानं माती सारून ती कुठून निघाली ते शोधा आणि मुळापासून खेचून काढा. नुसती कापली तर पुन्हा दोन फुटतात. गावठी गुलाब फांदी लावून केलेला असेल तर मात्र त्याला कलम नसतं, त्याची मातीतून आलेली फूटही त्याचीच.

मुळं एकही उरली नसतील तर

वर हिरवी फांदी असेल तर सगळं संपलेलं नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सहा-आठ इंचांच्या काड्या कापा. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली द्या, वरची दोन पानं ठेवा, बाकी काढा. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं घेऊन त्यात दोन डोळे आत जातील अशा खोचा आणि सावलीत ठेवा. मिश्रण नुसतं ओलसर हवं. गावठी गुलाब असा सहज लागतो, मोठ्या फुलांचे हायब्रिड कमी लागतात, म्हणून चार-पाच काड्या लावा. ओढून मूळ आलंय का बघायचा मोह आवरा. महिनाभर तरी थांबा.

पहिली कळी

झाड सावरलं की ते फूल द्यायची घाई करतं. पहिल्या दोन वेळच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच खुडा, म्हणजे ताकद मुळांकडे जाईल. आम्ही आमच्या गुलाबाचं पहिलं फूल मार्गशीर्षात उमलू दिलं. तोवर जुन्या पानांपैकी एकही झाडावर राहिलं नव्हतं, सगळी पालवी नवी होती.

पुढच्या पावसाळ्याची तयारी मेच्या शेवटीच करायची. मुंबई-कोकणात तर नक्कीच. कुंडी छज्ज्याखाली सरकवा, ताटल्या काढून ठेवा, विटा लावा, भोकात तार घालून बघा. पानं रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके येतात, म्हणून कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. सलग झड लागली आणि कुंडी आत घ्यायला जागा नसेल, तर ती तिरकी टेकवून ठेवा. आमची जुलैभर तशीच असते.